डाव्या गालावरचा तीळ

"उजव्या!" तुलारामनं हातातला पाना फरशीवर आपटला. "उजव्या गालावर तीळ हाये तिच्या. मी का आंधळा हावो?"

"अन् मी आंधळी का जी?" शकुनबाई सायकल दुकानाच्या दारातच उभी राहिली. नवऱ्याचा जेवणाचा डबा तिनं अजून खाली ठेवला नव्हता. "डाव्या गालावर हाये. अस्सा, शेंगदान्याएवढा."

बाकावर बसलेले दोघं गालातल्या गालात हसले. एक जागेश्वर, शाळेचा चपराशी. तो रोज पंक्चर काढायला येई. त्याच्या सायकलला पंक्चर मात्र महिनोन्‌महिने नसे. दुसरा भय्याजी, धान गिरणीवरचा. आदल्या रात्री बाजाराच्या पटांगणात केशवरावाचा पिच्चर झाला होता, आणि पिच्चरच्या दुसऱ्या दिवशी मोहाडी रस्त्यावरच्या त्या गावात कुणाचंच कामात लक्ष नसे.

"मारामारी बेस होती," जागेश्वरनं विषय बदलायचा प्रयत्न केला. "पन तो डाकू मरताना लय बोलला. गोळी लागल्यावर मानूस एवढा बोलते का बे?"

"गाने सहा होते," भय्याजी म्हणाला. "चार बस होते. दोन गान्यात तर मले झोप लागली."

"तू तर नावाची पाटी पडल्यापासून घोरून राहिला होता. डाकू मेला हे तुले कोनं सांगतलं?"

"तूच सांगतलं ना आता."

"हिरोनीच्या तिळाचं बोला," शकुनबाई म्हणाली.

"उजव्या," तिन्ही पुरुष एका सुरात म्हणाले.

शकुनबाईनं डबा ठेवला. जाता जाता नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अन् पिच्चरात बहीण मेली तवा तुमी रडत होते."

"तुले कसं माहीत? मधात पडदा होता!"

तिनं तोंडाला पदर लावला आणि हसत निघून गेली. तुलारामला खात्री होती की हे जागेश्वरचंच काम. त्यापायी तो दोन दिवस जागेश्वरशी बोलला नाही, आणि जागेश्वरला दोन दिवस खरंच पंक्चर झालं.

आता त्या पडद्याचं सांगायला हवं. केशवराव सदुसष्ट साली भंडाऱ्याहून मशीन, जनरेटर आणि पिच्चरच्या पेट्या बैलगाडीत घालून पहिल्यांदा आला, तेव्हा गावापुढं मोठा पेच पडला. सासरे, जेठ पुढं बसलेले असताना सुनांनी बसायचं कुठं? आणि नाकापर्यंत पदर ओढून पिच्चर पाहायचा कसा? शेवटी जुन्या लोकांनी तोडगा काढला. पटांगणाच्या मधोमध दोन बांबू रोवले, त्यांना पडदा ताणला. पुरुष पडद्याच्या पुढं, बाया मागं. कपड्यावरचं चित्र दोन्हीकडून दिसतं. एका पैशात दोन पिच्चर झाले म्हणून गाव खूश होतं.

पण मागून ते चित्र उलटं दिसतं, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. पुरुष कधी मागं गेले नाहीत, बाया कधी पुढं आल्या नाहीत. सुरुवातीला पाट्या येत त्या मागून उलट्या दिसत, पण बहुतेक बायांना अक्षर सुलटं कोणतं हेच ठाऊक नव्हतं. ज्या दोन-चार पोरी शाळेत जात, त्यांना वाटे, इंग्रजी असेल.

पिच्चरमधला हिरो डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं आईच्या पाया पडतो, पोलीस डाव्या हातानं सलाम ठोकतात, हे बाया वर्षानुवर्षं पाहत होत्या. मुंबईकडं तशीच रीत असणार, असं त्यांनी धरून टाकलं. देवकाबाईच्या मधल्या पोरीला मुंबईचं स्थळ आलं होतं. गिरणीतली नोकरी, स्वतःची खोली. देवकाबाईनं ते उभ्या उभ्या परत पाठवलं. डाव्या हातानं जेवणारा जावई मले नाही पाह्यजे, म्हणाली. हे तिनं कशावरून ठरवलं ते पुरुषांना कळलं नाही. ती पोरगी पुढं कारध्याला दिली, सुखात आहे.

केशवरावाकडं पेट्या मोजून चार. त्यातल्या तीन पेट्यांत तीच तिळवाली हिरोनी. त्यामुळं दर हिवाळ्यात तीळ येई आणि दर हिवाळ्यात भांडण नवं होई. एका वर्षी तुलारामनं बायकोला सायकलच्या दांडीवर बसवून मोहाडीच्या नेत्रशिबिरात नेलं. डॉक्टरनं पाटीवरच्या चिन्हाचं तोंड कुठं आहे ते हातानं दाखवायला सांगितलं. शकुनबाईनं वरच्या मोठ्या चिन्हापासून खालच्या मुंगीएवढ्या चिन्हापर्यंत एकही चुकवलं नाही. डॉक्टर म्हणाला, "बाईचे डोळे घारीचे आहेत. तुमचे तपासू का?" दुकानात मात्र तुलारामनं सांगितलं की डॉक्टर नवा होता.

लेकरूबाळ त्यांना झालं नाही. घरात दोघं आणि तो तीळ. सकाळी चुलीपाशी बसून भाकर थापता थापता ती मध्येच "डाव्या" म्हणे. तो आंघोळीच्या दगडावरून "उजव्या" म्हणून ओरडे. शेजाऱ्यांची घड्याळं त्यावर लागत म्हणतात. घड्याळ त्या गल्लीत एकच होतं आणि तेही बंद होतं, पण म्हणत तसं.

चौऱ्याऐंशीच्या पोळ्यानंतर शकुनबाईला ताप भरला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आठ दिवस ती खाटेवर होती. बोलणं बंद झालं होतं, डोळे मात्र तसेच. सातव्या दिवशी एक नर्स खाटेजवळून गेली. तिच्या हनुवटीच्या वर, गालावर तीळ होता. शकुनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं आणि हळूच स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. तुलाराम सात रात्रींचा जागा होता. तो वैतागलेलाच होता. त्यानं आपल्या उजव्या गालावर बोट ठेवलं.

तेवढंच शेवटचं भांडण.

त्या हिवाळ्यातही केशवराव आला. तुलाराम पहिल्या ओळीत आपल्या ठरलेल्या जागी, जागेश्वर आणि भय्याजीच्या मध्ये बसला. दुसऱ्या दिवशी बाकावर गप्पा निघाल्या. हिरो आता जाडा झाला, असं भय्याजीचं मत पडलं. "पेटी तीच हाये बे, तो काहून जाडा होईन? तूच बारीक झाला असशीन," असं जागेश्वरचं. तुलाराम चाक फिरवत म्हणाला, "उजव्या गालावर तीळ हाये तिच्या."

"हो ना. उजव्याच," जागेश्वर म्हणाला.

"उजव्याच," भय्याजी म्हणाला.

तुलारामनं दाराकडं पाहिलं. मग बराच वेळ चाक फिरवत राहिला. त्या चाकात काही दोष नव्हता.

पुढच्या दिवाळीत मंडई आली, गावची वर्षाची जत्रा. मंडईच्या नाटकाचा कापडी फलक पोरांनी रस्त्यावर आडवा बांधला, एक टोक सायकल दुकानाच्या छपराला, दुसरं समोरच्या कडुनिंबाला. तुलाराम हवा भरत होता. सहज वर पाहिलं तर अक्षरं वाचता येईनात. त्याला वाटलं, रंगवणाऱ्यानं पिऊन रंगवलं. तो उठला, फलकाच्या खालून पलीकडं गेला, वळून पाहिलं. नाटकाचं नाव, वेळ, सगळं सुलटं. परत अलीकडं आला. उलटं. फलकाच्या कोपऱ्यात एका नटीचं तोंड काढलं होतं, तिच्या एकाच कानात झुमका. पलीकडून पाहिलं की उजव्या कानात. अलीकडून पाहिलं की डाव्या.

असा तो चार वेळा गेला-आला. ज्याच्या सायकलीत हवा भरायची होती ते गिऱ्हाईक कंटाळून चाक ढकलत निघून गेलं.

संध्याकाळी त्यानं बाकावर दोघांना सांगितलं. जागेश्वरला कळायला वेळ लागला. कळल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे तूही खरा अन् वहिनीही खरी. मिटलं ना मंग!"

"मिटलं कसं?"

"अबे, दोघंही जिंकले."

"सतरा वर्स मी तिले चारचौघात खोटी पाडलो. डॉक्टरकडं नेलो. दवाखान्यातबी..." तो थांबला. "ते खरी होती हे आता कोनाले सांगू? तुमाले? तुमी तर माह्याच बाजूले बसत होते."

भय्याजीनं बिडी पुढं केली. तुलारामनं ती घेतली आणि पेटवायला विसरला.

पौषात केशवराव आला तेव्हा तुलाराम स्वतः जाऊन त्याला गाडीतून पेट्या उतरवू लागला.

"तिळवाली हाये ना?"

"माझ्याकडं दुसरं काय असते बापा?" केशवराव म्हणाला. "पन हे वर्स शेवटचं पडद्याचं. तुमच्या पंचायतीनं नाटकासाठी मंच बांधला, पांढरी भिंत केली. पुढच्या साली भिंतीवर दाखवतो. बांबू नको, दोऱ्या नको. एका आंगाले बाया बसतीन, एका आंगाले मानसं."

तुलारामनं त्या नव्या भिंतीकडं पाहिलं. चांगली जाड, पक्की भिंत होती. तिला मागून काही दिसणार नव्हतं.

पाहायचं तर आजच होतं. तिच्या बाजूनं एकदा पाहायचं, आणि तिला चारचौघांत खोटं पाडलं तसं चारचौघांतच खरं म्हणायचं. पण साठीला टेकलेला माणूस बायांमध्ये जाऊन बसला, हे गाव किती वर्षं सांगत राहील याचा हिशेब त्याला करवेना.

अंधार पडला. जागेश्वरनं नेहमीप्रमाणं पहिल्या ओळीत मित्रासाठी दुपट्टा पसरून जागा धरली. तुलाराम घरून निघाला तो काखेत बसायचा गोणपाटाचा बोरा घेऊन. शकुनबाईचा, पिच्चरला न्यायचा बोरा. एका कोपऱ्याला तिनं लाल ठिगळ लावलेलं. पहिली ओळ आली. तो थांबला नाही. बांबूला वळसा घालून मागं गेला.

मागं एकदम गलका झाला. डोक्यावरून पदर सरसरले.

"काय भाऊजी, रस्ता चुकले का?"

"मामंजी आले वं! सरका, सरका!"

"यायले लुगडं आना कोनी!"

हशा पिकला. तुलारामचे कान तापले. पाय आपोआप मागं वळले होते. बोरा काखेतून घसरला, म्हणून तो उचलायला वाकला, एवढ्यानंच थांबला.

"कायले आले जी?" देवकाबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"शकुन कुठं बसे?"

हसणं हळूहळू विझलं. मागच्या बाया पुढच्यांना कोपरानं ढोसून गप्प करू लागल्या. देवकाबाईनं आपल्या बाजूची जमीन तळहातानं झाडली. "इथं. माह्याजवळ. ए, सरक वं तिकडं, जागा दे."

जनरेटर धडधडला आणि पडदा उजळला. तुलारामनं हात डोळ्यांवर धरला. पडद्याच्या मधोमध मशीनचा दिवा कपड्यातून आरपार थेट डोळ्यांत येत होता, दुपारच्या सूर्यासारखा.

"त्या दिव्याकडं पाहू नका," देवकाबाई म्हणाली. "बाजूबाजूनं पाहा. होते सवय."

तो बाजूबाजूनं पाहू लागला. हिरो डाव्या हातानं जेवला. पोलिसानं डाव्या हातानं सलाम ठोकला. मग हिरोनी आली, विहिरीवर, घागर घेऊन. पहिल्यांदा नुसतीच पाठ दिसली. तुलारामनं लुगड्यांच्या त्या गर्दीत श्वास धरला. तिनं तोंड वळवलं.

तुलाराम उभा राहिला.

"जागेश्वर!" तो पडद्याकडं तोंड करून ओरडला. "ए जागेश्वर! भय्याजी! डाव्या गालावर हाये गा! शकुन खरी होती! डाव्या गालावर हाये!"

क्षणभर नुसतं गाणं वाजत राहिलं. मग पडद्यापलीकडून जागेश्वरचा आवाज आला, "उजव्या!" आणि सवयीनं सगळे पुरुष ओरडले, "उजव्याऽ!"

"डाव्याऽ!" देवकाबाई ओरडली. आणि तिच्यामागं सगळ्या बाया, सुना, म्हाताऱ्या, सासऱ्यापुढं कधी ब्र न काढलेल्या, एका आवाजात ओरडल्या, "डाव्याऽऽ!" त्या आवाजानं मोहाडीपर्यंतची कुत्री जागी झाली म्हणतात. केशवरावानं घाबरून मशीन बंद करायला हात घातला होता.

हसत, खोकत तुलाराम खाली बसला. बाजूला वळून काही बोलणार होता. बाजूला देवकाबाई होती.

पिच्चर पुढं सरकला. पौषाचा गार वारा सुटला आणि खालची दोरी ढिली असल्यानं पडदा वीतभर, हातभर वर उचलला गेला. पलीकडची पुरुषांची पहिली ओळ दिसली. पडद्याच्या उजेडात तोंडं अशी स्वच्छ, जणू दिवसाउजेडी. भय्याजी तोंड उघडं टाकून झोपला होता. वारा पडला, पडदा खाली आला.

तुलारामनं मान वाकवून पडद्याखाली पाहिलं. मग म्हणाला, "इथून पलीकडलं दिसते?"

"वारा आला का दिसते," देवकाबाई म्हणाली. "शकुन तर दरसाली सांगे आमाले, थांबा वं, आता बहीण मरन अन् आमचे रडतीन. अन् तुमी रडा. आमी तेच पाहो."

बहीण मरायची वेळ आली. मागं-पुढं बाया मुसमुसू लागल्या. तुलाराम पडद्याच्या खालच्या कडेकडं पाहत होता. कड हलली, फडफडली आणि वर गेली.

डावीकडं भय्याजी झोपलेला. उजवीकडं जागेश्वर बाहीनं नाक पुसत होता. त्या दोघांच्या मध्ये दुपट्टा पसरलेला होता, आणि त्यावर कुणीच नव्हतं. वाऱ्यानं दुपट्ट्याचा कोपरा उडत होता. पिच्चरवरची नजर न हलवता जागेश्वरनं हात लांबवला, चाचपून एक दगड उचलला आणि त्या कोपऱ्यावर ठेवला.