सफिशा

पेम्बा बेटावरच्या वेते गावात मकामेचा थाट असा, की जगातली कॉम्प्युटरं जणू त्याला विचारूनच सुरू होतात. खरं म्हणाल तर कॉम्प्युटर चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीच्या कच्च्या आवृत्त्या लोकांच्या हाती पडण्याआधी तपासणाऱ्यांत त्याचं नाव होतं, बस्स. तिच्या पडद्यावरचे स्वाहिली शब्दही तोच लिहायचा. पण बंदराजवळच्या ओट्यावर कॉफी घेताना ऐकावं त्याला: मी खूण केल्याशिवाय गाडं पुढे सरकत नाही म्हणे.

या खेपेच्या तपासणी-यादीत एक ओळ होती. पडद्यावरचे शब्द साध्या माणसांना कळतात का, पाच जणांना विचारा. मकामेनं ओट्यावरून बूडसुद्धा न हलवता खूण ठोकली आणि लिहिलं, विचारलं, कळतात. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. कोण बघायला येतंय, असा त्याचा हिशेब.

फुशारकी एकदा चढली की मिरवायला जागा लागते. शाळेत त्याला स्वाहिली शिकवणाऱ्या झुवेनाबाई निवृत्तीनंतर अकरा वर्षं एकच ध्यास घेऊन बसल्या होत्या. बायका नेसतात त्या कांग्यांवर म्हणी छापलेल्या असतात, त्या बाई कॉम्प्युटरवर टिपून घेत. नुसती म्हण नव्हे, कोणी कोणत्या सवतीला टोमणा हाणायला तो कांगा नेसला, ती अख्खी हकीकत. अशा सहाशे बारा. सांगणाऱ्यांतल्या निम्म्या आता मातीआड गेलेल्या. या बाईंना मकामेनं कच्ची आवृत्ती पेनड्राइव्हवर नेऊन दिली. नुसती बघा, बसवू नका, असं म्हणाला खरा, पण दारातून निघता निघता.

तिसऱ्या दिवशी बाईंचं बोलावणं आलं. कॉम्प्युटर नवाकोरा झाला होता आणि आत त्यांचं एक अक्षर उरलं नव्हतं.

त्या आवृत्तीत डिस्कवरचं सगळं पुसून टाकणारं एक बटण होतं. त्यावर मकामेनं लिहिलं होतं 'सफिशा', म्हणजे स्वच्छ कर. 'फुता', म्हणजे पुसून टाक, हा सरळ शब्द त्याला गावंढळ वाटला होता. बाईंचं यंत्र हल्ली रेंगाळायचं. सफाई होतेय तर होऊ दे, म्हणून त्यांनी दाबलं.

मकामे दोन दिवस झटला. तुटक्या एकोणीस ओळी हाती लागल्या, त्याही कोणाच्या ते कळेना. बाई म्हणत राहिल्या की माझंच डोकं म्हातारं झालं, तू कशाला जिवाला लावून घेतोस. चूक माझी, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि त्यानं ते गिळले. वर म्हणाला, असं होतं कधी कधी. म्हटल्या म्हटल्या त्याला स्वतःची किळस आली, कान तापले, पण मागे घेतलं नाही मेल्यानं.

तो निघाला तेव्हा बाई सहज बोलल्या.

"दाबायच्या आधी थबकले होते रे मी. मग त्यात नावांचं पान दिसलं. शब्द कोणी लिहिले, तर मकामे फकी, वेते. म्हटलं, माझ्या हाताखालचं पोर आहे, शब्द चुकायचा नाही. म्हणून दाबलं."

मकामे मटकन चटईवर बसला. मग सगळं भडाभडा बोलून गेला, ओटा, खूण, ते पाच जण. मान वर करायची हिंमत होईना. बाईंनी कांग्याचा काठ चिमटीत धरला.

"वर्गात फळा पुसायचं काम तुझ्याकडे होतं," त्या म्हणाल्या. "मी काय म्हणायचे तुला?"

"फुता."

"ऐकू येईल असं बोल."

"फुता, बाई."

"हं. मग लिही. पहिली मी. झुवेना, वेते, शब्द कळला नाही. उरलेल्या चौघींची नावं मी देते."

त्यांनी कागदावर चार नावं लिहिली. मकामेनं वाचली. चौघीही लेकी होत्या. त्यांच्या आयांनी बाईंना हकीकती सांगितल्या होत्या, आणि आता त्यातली एकही आई सांगायला उरली नव्हती.

"शब्द विचार," बाई म्हणाल्या, "आणि काय गेलं तेही तूच सांग."

त्यानं कागदाची घडी खिशात घातली. पहिलं घर ओट्याच्या समोरच होतं.