बांबूचं दुसरं टोक

फ्लेक्सवर रिकामी जागा सोडली की गिऱ्हाईक भांडतं. माधवनगरच्या दुकानात कामाला लागले तेव्हा मी सगळ्यात आधी हेच शिकले. वाढदिवसाचा फ्लेक्स असला की मधे उत्सवमूर्ती, डोक्यावर नेतेमंडळी, पायाशी शुभेच्छुकांची रांग, आणि तरीही कुठं बोटभर आभाळ उरलंच तर तिथं वाघाचं तोंड. एका चुलत्याचा फोटो राहिला म्हणून भावकीतलं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. त्यामुळं माझ्या हाताला एकच वळण लागलं. जागा दिसली की भर.

म्हणून आमच्या गेमचं कव्हर केलं तेही मी तसंच भरलं.

आमचा म्हणजे माझा आणि अंकिताचा. अंकिता कुंडलची. सांगलीला डिप्लोमाला आम्ही एका बाकावर बसायचो आणि त्याच बाकावर ठरवलं, आपण व्हिडिओ गेम करायचा. चित्रं माझी, प्रोग्रॅमिंगचं डोकं तिचं. गेमचं नाव 'दळण'. दोन मुली, दोघींच्या खांद्यावर एक लांब बांबू, बांबूला लटकवलेला दळणाचा डबा. गावातली गिरणी बंद असते म्हणून पुढच्या गावाला जायचं, तिथली लाइट गेलेली असते म्हणून आणखी पुढच्या. वाटेत ओढे, उसाचे फड, मागं लागलेली कुत्री. दोघींचं पाऊल जुळलं नाही की डबा सांडतो. गोल चेहऱ्याची, लाल रिबिनीची पुढची मुलगी म्हणजे अंकिता. मागची हडकुळी चष्मेवाली म्हणजे मी, स्वप्ना. दोघांनी शेजारी बसून खेळायचा गेम होता तो.

मग अंकिताचं लग्न झालं. नवरा मिलिटरीत, सासर औंधला. जाताना म्हणाली, "आगं, लॅपटॉप घिऊनच चाललीय की. फोनवर बोलत बोलत करू." लॅपटॉप तिच्या दिराच्या कॉलेजच्या कामी आला. रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा सणावर, आणि मग सणाला नुसती दिव्यांची चित्रं यायला लागली. दोष तिचा नाही, माझाही नाही. पण दोष कुणाचाच नसला म्हणून एकटेपणा काही कमी होत नाही.

मी व्हिडिओ बघून बघून तिच्या वाटणीचं काम शिकले आणि गेम एकट्यानं खेळता येईल असा केला. आता खेळणारा पुढच्या मुलीला चालवतो. मागची आपोआप चालते. पुढचीचं पाऊल बघायचं आणि आपलं तिच्याशी जुळवायचं, एवढंच तिला येतं. ते तिला शिकवताना मला काही फार विचार करावा लागला नाही.

गेम विकला जावा असं मला वाटत होतंच, उगाच साधुसंताचा आव आणत नाही. पण मनातलं सांगायचं तर मला अंकिताचा फोन हवा होता. मी स्वतः करणार नव्हते, तेवढा माझ्यात ताठा आहे. वाटायचं, गेम चालला, चार लोक बोलायला लागले, की ती आपण होऊन फोन करेल आणि म्हणेल, स्वप्ने, पुढचा कवा करायचा?

तर ते कव्हर. गेमच्या ऑनलाइन दुकानात हजारो चित्रं एकाखाली एक लागलेली असतात. चित्र आवडलं तर माणूस आत येतो, नाहीतर अंगठ्यानं वर सरकवून पुढं जातो. माझ्या चित्रात दोन मुली होत्या, डबा होता, गिरणी होती, कुत्री होती, ऊस होता, मागं डोंगर, डोंगरावर देऊळ, वर कावळे, आणि सोनेरी सावली दिलेलं 'दळण'. शुभेच्छुकांची पट्टी तेवढी राहिली होती. मी ते त्या ऑनलाइन दुकानात लावलं आणि वाट बघत बसले. काळं कुत्रंही फिरकलं नाही.

गेम करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी कव्हर टाकलं. कोण कुठला अनोळखी माणूस, त्यानं लिहिलं, "चित्र छान आहे. पण दुकानात ते बोटाच्या पेराएवढं दिसणार. तेवढं करून बघा आणि तुम्हीच सांगा, काय दिसतंय." मला राग आला. शहाणा कुठला! मग पेराएवढं करून बघितलं. भेळ दिसत होती.

जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी एकेक वस्तू काढायला बसले. कावळे गेले, देऊळ गेलं, गिरणी गेली. दुकानाचे मालक कृष्णातदादा डबा खात खात मागं येऊन उभे राहिले.

"आगं, येवढी जागा मोकळी? शाई महागली काय?"

"हे छापायचं नाही दादा. मोबाइलवर बघायचंय."

"मग तर फुकटच हाय की! भर की गं."

मी कुत्री काढली. दादा मान हलवत हात धुवायला गेले.

शेवटी दोन मुली, बांबू आणि डबा उरला. मागं पिकलेल्या ज्वारीचा रंग दिला. मोठं करून बघितलं तर सुरेख, बारीक करून बघितलं तर दोन काड्या आणि एक रेघ. बांबूच लांब, त्याच्या दोन टोकांना दोघी. तो सगळा बसवायचा म्हटलं की माणसं मुंगीएवढी होणार. बांबू आखूड केला तर डब्याला जागा उरेना. समोरून काढून बघितलं, तर अंकिता छान मोठी आली आणि मी तिच्या कानामागं, लोंबत्या झुमक्यासारखी. चष्म्याचा ठिपकासुद्धा दिसेना.

उपाय मला कळत होता. एकच चेहरा ठेवायचा. फ्लेक्सचं काम करणारीला चेहऱ्याची किंमत सांगायला नको, शंभर वस्तूंत माणसाची नजर आधी चेहऱ्याकडेच जाते. इतके दिवस मला भीती वाटत होती की कव्हरवरून अंकिताला काढावं लागेल, आणि ते माझ्या हातून होणार नाही. चित्र पुढ्यात आल्यावर कळलं, काढायचं आहे ते मला स्वतःलाच. पुढं ती, चेहरा तिचा. मागची काय, कुणीही असू शकते.

मी ते करायला फार दिवस लावले. रोज उघडायचे, मागच्या मुलीवर बोट ठेवायचे आणि बंद करायचे. गेम मी पुरा केला होता, एकटीनं, आणि त्याच्याच दारावर माझं तोंड नको होतं. मग एका दुपारी दादा बँकेत गेले असताना पुसून टाकलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, भूक लागली. मी डबा उघडला आणि भाकरी खात खात त्या चित्राकडं बघत राहिले.

आता गोल चेहरा चित्रभर होता. खांद्यावरून बांबू मागं जात होता आणि कडेशी कापला जात होता. तिचे डोळे मी जरा मागं वळवले. खाली जाड पांढऱ्या अक्षरात 'दळण', सोनेरी नाही, सावली नाही.

दादा आले आणि चित्राजवळ वाकले.

"ही कुणाला बघती गं मागं?"

"मागच्या मुलीला."

"कुटं हाय ती?"

"बसली नाही चित्रात."

"मग बांबू तरी कशाला ठिवलास?"

"राहू दे बांबू," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण दादा मुकाट्यानं गल्ल्यावर जाऊन बसले.

कव्हर चाललं. लोक थांबायला लागले, आत यायला लागले, पुढं घेऊ म्हणून गेम यादीत ठेवायला लागले. कुणी लिहिलं, "मागे कोण आहे ते बघायला आलो." ग्रुपवरच्या त्या अनोळखी माणसानं अंगठा दिला. मी अंकिताला कव्हर पाठवलं, सोबत दुकानाची लिंक. खाली नुसतं 'बघ' एवढंच लिहिलं. तिनं बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

काही दिवसांनी बघते तर अंकिताचा डीपी बदललेला. आमचं कव्हर! मला इतका आनंद झाला की दादांना हाक मारणार होते. मग नीट बघितलं. डीपीच्या गोलात तिनं फक्त चेहरा बसवला होता. नाव नाही, बांबूही नाही. लगेच तिचा मेसेज आला.

"सगळी इचारत्यात फोटो कुणी काडला. मी सांगितलं सांगलीत एक फ्लेक्सवाली हाय, लय भारी काडती. माज्या जावंचं डोहाळजेवण हाय, बोर्ड करून देशील?"

एक फ्लेक्सवाली. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण मला फार लागलं. वाटलं, लिहावं काहीतरी झोंबेल असं. लिहिलंही, आणि पुसलं. "देते. फोटो पाठव," एवढंच पाठवलं.

फोटो आले. जाऊ, दोन्ही दीर, सासू-सासरे, मिलिटरीच्या कपड्यात नवरा, मावससासू, कुणाची तरी लहान पोरं.

"तुझा?" मी विचारलं.

"माजा नगं. गर्दी हुईल."

मी फोन हातात धरून बसले. त्या घरात ती कुठं उभी असते ते मला त्या दोन शब्दांत दिसलं. मग ताठा गेला उडत, मी फोन लावला. बराच वाजल्यावर तिनं उचलला. मागं भांड्यांचा आवाज होता, तो हळूहळू लांब गेला. ती कुठंतरी आडोशाला आली असणार.

"अंके," मी म्हटलं, "एकटी हायस काय गं तितं?"

तिनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"व्हय," ती म्हणाली. "आन तू?"

"मीबी."

"मग फोन ठिवू नगंस," अंकिता म्हणाली.