रामजन्माची कणीक

मित्रांनो, अशी हाक मारायची पद्धत आहे म्हणून मारतो. नाहीतर माणसांशी मैत्री करावी असं मला फारसं कधी वाटलेलं नाही. मी जुना मृदंग आहे. कोपरीतल्या एका गुरवाच्या पडवीत खुंटीला लटकलोय. उजव्या तोंडाची शाई उडाली, डावं तोंड उंदरांनी खाल्लं, आणि तरी तुम्ही येऊन विचारता, "काय हो, तुमची सगळ्यांत रंगलेली बैठक कुठली? आणि सगळ्यांत फसलेली कुठली?" बसा. सांगतो. दोन्ही एकाच दिवशी, एकाच देवळात झाल्या.

माझं खोड मुरबाडकडच्या रानातल्या खैराचं. ठाण्याच्या एका कारागिराने ते आतून पोखरलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं चढवलं आणि चामड्याच्या वादीने असं काही आवळलं की आठवलं तरी अंग दुखतं. उजव्या तोंडाला शाईचा काळा लेप कायमचा असतो. डाव्या तोंडाला मात्र दर वेळी गव्हाची भिजवलेली कणीक थापावी लागते. ती असली की आवाज पोटातून येतो, नसली की मी नुसता रिकामा डबा. तेव्हा गव्हाची कणीक, हे नीट ध्यानात ठेवा. ज्यांनी ठेवलं नाही त्यांचीच ही गोष्ट आहे.

मला गुणाजी गुरवाने घेतलं. माणूस हाताचा सोन्यासारखा आणि स्वभावाने अगदीच मऊ. कोणी डोळे वटारले की हा मान खाली घालणार. कोपरीत देवाची पूजा करायचा, ठाण्यात कीर्तनांना साथ करायचा. पण त्याचा सगळा जीव कल्याणच्या एका राममंदिरात अडकला होता. तिथल्या रामजन्माच्या कीर्तनाला त्याच्या बापाने हयातभर साथ केली होती. बाप गेला आणि ती जागा दुसऱ्याने पटकावली. गुणाजी दर चैत्रात श्रोत्यांत बसून यायचा आणि घरी येऊन दोन दिवस धड जेवायचा नाही. "बाबांच्या जागेवर एकदा बसू दे रे रामा," एवढंच त्याचं मागणं.

शेवटी तो दुसरा वादक म्हातारा होऊन थकला आणि गुणाजीला निरोप आला. या वर्षी वाजव, पसंत पडलास तर जागा कायमची तुझी.

नवमीच्या सकाळी गुणाजी आणि त्याची बायको रखमाबाई आगगाडीने कल्याणला उतरली. मी त्याच्या खांद्यावर. रखमाबाईने घरून कणकेचा गोळा ओल्या फडक्यात बांधून आणला होता. देवळाच्या दारातच व्यवस्थापक विसाजीपंत उभे. सोवळं नेसलेले, कपाळावर आठ्या. मला हा गृहस्थ पहिल्या नजरेतच डोक्यात गेला.

"फडक्यात काय आहे?" पंतांनी विचारलं.

"कणीक आहे जी. मृदंगाची," गुणाजी म्हणाला.

"गव्हाची? आज नवमीचा उपास, आणि जन्माच्या आधी देवापुढे धान्य आणतोस?"

"पंत, ती खायची नाय जी. लावायची असते."

"मला शिकवू नकोस! हा उत्सव माझ्या हाती आल्यापासून आजच्या दिवशी या गाभाऱ्यापुढे धान्याचा कण आलेला नाही."

आणि पंतांनी तो गोळा फडक्यासकट उचलून दारातल्या गाईला घातला. आता मला सांगा, बकऱ्याचं कातडं देवापुढे चालतं. त्याने उपास मोडत नाही. गहू मात्र चालत नाही! हे डोकं कुठल्या कुंभाराने घडवलं होतं, देव जाणे.

मग पंतांनी आतून उपासाचं पीठ आणवलं. शिंगाड्याचं. "हे भिजव आणि लाव. पीठ ते पीठ." गुणाजीने होकाराची मान हलवली. हलवणारच! रखमाबाईने कपाळाला हात लावला आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

शिंगाड्याला चिकटा म्हणून नसतो हो. गुणाजीने थापलं, दाबलं, पुन्हा पाणी लावलं. वर चैत्राचं ऊन. कीर्तनकार पिसेकरबुवांनी पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, सुरू केला आणि थोड्याच वेळात माझ्या डाव्या तोंडावर भेगा पडायला लागल्या. आवाज कसला म्हणता? टण, टण, टण. बुवा अभंग म्हणताहेत आणि खाली मी कल्हईवाल्यासारखा वाजतोय. लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले, मग हसायला.

"गुरवा, मृदंग आणलास की तेलाचा डबा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"बापाचं नाव घालवलंन!" दुसरा म्हणाला.

गुणाजीने घाबरून जोरात थाप मारली. झालं! पिठाचा तो अख्खा वाळका पोळा सुटला आणि उडून पहिल्या रांगेतल्या पंतांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्यावर जाऊन पडला. देऊळ हसून लोटपोट. पंत लालबुंद. पीठ कोणी दिलं होतं, हे मात्र त्यांच्या तोंडातून निघालं नाही. गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्या खोडावर टपकलं. बापाच्या जागेवर बसायला मिळालं तो हा दिवस! त्या हसणाऱ्या एकेकाचं तोंड मी लक्षात ठेवलंय. तुमचे आजे-पणजे असतील त्यात, असू देत.

पूर्वरंग कसाबसा आटोपला. रिवाज असा की इथे कीर्तन थांबतं, बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लावतात, तोवर नुसतं नामस्मरण चालतं. रखमाबाई तेवढ्यात मागच्या दाराने बाहेर पडली. त्या आळीत रामजन्म होईपर्यंत एकही चूल पेटत नाही, कोणाकडे पीठ भिजत नाही. पण आळीच्या टोकाला, रेल्वेतल्या माणसाशी लग्न होऊन आलेली जोसेफिन राहायची. ठाण्याची, रखमाबाईच्या माहेरची शेजारीण. किरिस्तावाचं घर, त्यांना कुठली आली नवमी? जोसेफिन पोरांसाठी चपात्या लाटत होती. पुढे तिने कोपरीच्या घरी येऊन सांगितलं ते मी ऐकलंय. रखमाबाईचा चेहरा बघून ती एवढंच म्हणाली होती, "घे बाय, सगला गोला ने. पोरं भात खातील."

रखमाबाई पदराखाली गोळा घेऊन आली आणि खांबाच्या आडून गुणाजीच्या हातात दिला.

"कुठली गं?"

"गव्हाची. लाव आधी!"

गुणाजीने पुढे विचारलं नाही. थंडगार, मऊ, चिवट कणीक माझ्या तोंडावर बसली. अहाहा! इतकी चांगली मळलेली कणीक मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. त्याने हलकेच एक थाप दिली आणि देवळातली कुजबुज जागच्या जागी बंद झाली.

मग जे झालं ते कसं सांगू? बुवांनी उत्तररंगाला सुरुवात केली आणि गुणाजी मान खाली घालणारा गुणाजी राहिलाच नाही. बुवा पुढे गेले की आम्ही त्यांच्या मागे, बुवा थांबले की आम्ही पुढे. सूर्य डोक्यावर आला, पाळण्याची दोरी ओढली आणि आमच्या ठेक्यावर पाळणा हलायला लागला. बायका रडत होत्या. मघाशी डबा म्हणून ओरडलेला तो गडीही हुंदके देत होता. विसाजीपंतांनी तर शिंगाड्याचा डाग पडलेलं उपरणंच डोळ्यांना लावलं. तेवढा वेळ, खोटं कशाला बोलू, मला माणसं आवडली.

सुंठवडा वाटला. सगळ्यांनी खाल्ला. पंत गुणाजीजवळ आले, म्हणाले, "वा, गुरवा! बापाला मागे टाकलंस. जागा तुझी." आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या डाव्या तोंडाकडे गेली.

"ही गव्हाची आहे. कुठून आणलीस?"

गुणाजीची मान पुन्हा खाली.

"आमच्या आळीत आज कोणी पीठ भिजवलं? देवळाशेजारच्या हौसाबाईने असणार! बोलवा त्या म्हातारीला. तिचं देवळात येणं आजपासून बंद."

हौसाबाई बिचारी सकाळपासून निर्जळी उपास करून बसलेली. ती हात जोडून उभी राहिली. मग रखमाबाई पुढे आली.

"म्हातारीला बोलू नका. मी आणली. जोसेफिनच्या घरून."

पंतांच्या तोंडून शब्द फुटले ते थांबेनात. बाटवलंत, बुडवलंत, धर्म भ्रष्ट केलात! आणि शेवटी गुणाजीला म्हणाले, "तुला जागा हवी असेल तर हा मृदंग आत्ता, सगळ्यांसमोर, देवळामागच्या तळ्यात बुडव. प्रायश्चित्त घे. मग पुढच्या वर्षी ये."

मघाशी रडणारे सगळे ओरडले, "बुडवा! बुडवा!"

आणि ऐका, गुणाजीने मला उचललं. तळ्याच्या दिशेने दोन पावलं टाकली. माझा गुणाजी! बापाची जागा एका बाजूला आणि मी दुसऱ्या. त्याने मला छातीशी घट्ट धरलं होतं हे मला ठाऊक आहे, पण पावलं टाकली ती टाकलीच. ते मी विसरलेलो नाही, आणि तो मेला तरी माफ केलेलं नाही.

रखमाबाई आडवी आली. नवऱ्याशी बोललीच नाही. वळली ती पंतांकडे.

"मृदंग बाटला काय? मग आधी पाळणा सोडा तळ्यात. याच कणकेच्या थापेवर हललाय तो. आणि सुंठवडा खाल्लात ना सगळ्यांनी? काढा बाहेर! तुमचा राम आज जन्मलाच नाय म्हणा, मग नेते मी मृदंग, मीच बुडवते."

बुवा जमिनीकडे बघत राहिले. पंतांनी तोंड उघडलं, पाळण्याकडे पाहिलं आणि मिटलं. राम जन्मलाच नाही, असं त्या देवळात उभं राहून कोण म्हणणार होतं?

गुणाजीने मला पुन्हा खांद्यावर घेतलं. "पंत, जागा ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मान वर करून. आणि आम्ही स्टेशनाकडे चालू लागलो. कोणी अडवलं नाही. कोणी पुन्हा बोलावलंही नाही. त्या जागेवर तिसराच कोणी वादक बसला. ठाण्यातलीही निम्मी आमंत्रणं बंद झाली. गुणाजी नवमीला घरातच बसायचा, मला मांडीवर घ्यायचा आणि वाजवायचा नाही. तो गेला, मागून रखमाबाई गेली. शेवटची कणीक पुसायची राहून गेली आणि तिच्या वासाने उंदीर आले.

तर मित्रांनो, वाद्यं जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सांगतो. वाजवून झालं की कणीक पुसत जा, वादी सैल करून ठेवत जा. आणि ती कणीक कोणाच्या घरची, हे विचारायचंच असेल तर वाजवायच्या आधी विचारा. पोटभर रडून झाल्यावर विचारू नका.