करवत खाणारं झाड

शाळेच्या फाटकापाशी सकाळपासून झुंबड उडाली होती. पुढचे वाकून नमस्कार करत होते, मागचे टाचा उंचावून बघत होते. मधोमध ते जुनं, पोकळ, एका अंगाला कललेलं झाड, आणि बुंध्याला टेकून बसलेला झाडबुवा. त्याच्या मांडीवर यंत्रकरवतीची तुटकी साखळी होती. ती माझ्या वडिलांची.

"लोखंड आलं, लोखंड गेलं," बुवा डोळे मिटून म्हणाला. "झाडाला भूक नाही, झाडाला राग आहे. हात लावील त्याचा हात घेईल."

"दोन बोटं घेतलीच की," पुढच्या काकू गहिवरून म्हणाल्या.

तीही माझ्या वडिलांचीच. चार महिन्यांपूर्वी हे झाड पाडताना साखळी तुटली आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चाळीस वर्षं झाडं पाडलेला हा माणूस आता रोज बुवाच्या पायाशी बसून त्या झाडाची माफी मागायचा. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मीही झाडंच पाडते, धंदा वडिलांनी, आमच्या अण्णांनीच शिकवला. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं होतं, कारण झाड कललंय त्या बाजूला बालवर्ग भरतो.

"मागच्या रविवारी एक फांदी वर्गाच्या पत्र्यावर पडली," बाई म्हणाल्या. "सुट्टी होती म्हणून निभावलं. पण पालकच झाडाला हात लावू देत नाहीत. शाप लागेल म्हणे."

"लागू दे मला," मी म्हटलं.

दुपारी बुवा जेवून झोपायला गेला तेव्हा मी कामाला लागले. पोकळ झाडाला आधी करवत लावायची नसते, आधी ठोकून बघायचं असतं. लाकडी हातोड्याने वीत-वीत ठोकत गेले. कुठे भरीव आवाज, कुठे रिकाम्या पिंपासारखा. गुडघ्याच्या उंचीवर मात्र सालीवरून काळेनिळे ओघळ उतरले होते. ओल्या लाकडात लोखंड अडकलं की असा डाग पडतो. बाईंनी विज्ञानाच्या कपाटातलं लोहचुंबक आणून दिलं, ते डागाला जाऊन चिकटलं. साल खरवडली तर आत खिळे. एका ओळीत, बुंध्याभोवती, डोकी आत ठोकून वर मेण थापलेलं.

"कुणी जुनी पाटी ठोकली असेल," बाई म्हणाल्या.

"पाटी अशी गोल ठोकतात का? अण्णा आदल्या संध्याकाळी खडूने कापाची रेघ मारून ठेवतात. कायमची सवय. ती रेघ इथेच होती."

बाईंचा चेहरा उतरला. "मग सांगू या सगळ्यांना."

"म्हणतील मीच ठोकले. थांबा."

कमरेच्या उंचीवर आम्ही बुंधाभर चुंबक फिरवलं. एकही खिळा नव्हता. बाईंनी तारीख-वेळ घालून वहीत तसं लिहिलं, खाली सही केली. संध्याकाळी सगळ्यांदेखत मी त्याच उंचीवर ठळक रेघ मारली.

"उद्या इथे कापणार."

बुवा हसला. "बापाचं बघून लेकीला अक्कल आली नाही."

अण्णांनी माझा हात धरला. "पोरी, नको गं. माझं पाप माझ्यापाशी राहू दे."

"तुमचं पाप असेल तर मी निमूट परत जाईन. सकाळी या फक्त."

सकाळी मी चुंबक काकूंच्याच हातात दिलं. छातीच्या उंचीवर काही नाही. मांडीच्या उंचीवर काही नाही. रेघेवर नेलं आणि टक्. पुढे पुन्हा टक्. बाईंनी वही वाचून दाखवली.

"झाडाने रागाने उगवले," बुवा घाईने म्हणाला.

"डोक्यासकट?" मी विचारलं. "आणि नेमके खडूच्या रेघेवर? झाड तुमच्यापेक्षा शिकलेलं दिसतं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकू मात्र हसल्या नाहीत. "रात्री राखणीला तुम्ही एकटेच असता," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्हाला थांबू देत नाही." मग त्यांनीच त्याची पिशवी ओढून उलटी केली. खिळे पडले, मेणाचा गोळा पडला. झाड पडलं असतं तर याची गादी गेली असती, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. काकूंनी त्याला हलू दिलं नाही, बाईंनी पोलिसांना फोन लावला.

मग आम्ही काम केलं. वर्ग रिकामा केला, माणसांना झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब नेलं. झाड वर्गाकडे वळू नये म्हणून शेंड्याकडे दोर बांधून ट्रॅक्टरने ताणून धरला. दोन्ही खिळेओळींच्या मध्ये, जिथे आवाज भरीव होता तिथे, मी मैदानाच्या बाजूला खाच घेतली. मागून कापताना मधलं लाकूड नेहमीपेक्षा जाड ठेवलं, कारण कुजक्या झाडाचा भरवसा नसतो. कडकड ऐकताच यंत्र बंद करून तिरकी मागे सरले. झाड मैदानात आडवं झालं. आत चार बोटं लाकूड, बाकी भुसा.

अण्णांनी एक खिळा उचलला. "चार महिने मी याची माफी मागत होतो," ते म्हणाले. मला रडू आलं, दुःखाचं कमी आणि रागाचं जास्त.

ते सगळ्यांकडे वळले. "मला धंदा कळतो. तरी मी ठोकून बघितलं नाही, विचारलं नाही. भ्यालो. तुम्ही भिऊ नका."

मलाही एवढंच सांगायचंय. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे काल इथे होतं का, आणि मधल्या वेळात इथे कोण होतं? विचारलंत म्हणून कुणी शाप दिला, तर तो माझ्या घरी पाठवा. झाडं पाडणारी कुठे राहते, ते कुणीही सांगेल.