गोळीचा खाडा

उत्तरेश्वर भोसरीच्या एका कंपनीत पंचवीस वर्षं होते. त्या पंचवीस वर्षांत खाडे किती, असं कुणी विचारलं तर ते एका हाताचीही सगळी बोटं उघडत नसत. कधी खाडा झालाच तर गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, जाऊन तो भरून द्यायचे. बहात्तरच्या दुष्काळात लातूरकडून पुण्याला आलेला माणूस. नोकरीशी लबाडी म्हणजे अन्नाशी लबाडी, असा त्यांचा हिशेब.

मग कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली. नाव स्वेच्छा, पण इच्छा कुणाची होती ते सगळ्यांना माहीत होतं. कोथरूडमध्ये गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, त्यातल्याच एका क्लासमधून त्यांची लेक नम्रता नोकरीला लागली. आणि उत्तरेश्वर घरी बसले. बसले म्हणजे काय, तर पहाटे पाचला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुठेही न जाता बसले. फक्त गुरुवारी सातपर्यंत झोपायचे. नम्रताला ते गुरुवार आठवले की आजही हसू येतं.

पुढे त्यांच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. डॉक्टर यज्ञेश्वर मेहेंदळ्यांनी डिगॉक्सिनची चिमुकली गोळी लिहून दिली. "आठवड्यातले पाच दिवस एक-एक, दोन दिवस सुट्टी. आणि एखाद दिवशी राहिली तर राहिली, दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत."

त्यातलं सुट्टीचं वाक्य उत्तरेश्वरांना इतकं आवडलं की पुढचं कानावरून गेलं. औषधालासुद्धा साप्ताहिक सुट्टी असते, हे त्यांनी सोसायटीत दिसेल त्याला ऐकवलं. सुट्टी अर्थातच गुरुवार आणि रविवार. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोळी घेतली की पेन्सिलीने रेघ. बायकोने, सत्यशीलाबाईंनी, गोळी हातात आणून दिली तर ते म्हणायचे, "माझी हजेरी मी लावीन."

सन दोन हजारच्या दिवाळीनंतर नम्रताचं अमेरिकेला जायचं ठरलं. दीड वर्षाचं काम होतं. घरात बॅगा आल्या, मेतकुटाचे डबे भरले गेले. त्याच दिवसांत उत्तरेश्वरांचं जेवण तुटलं. भाकरी अर्धी, मग चतकोर, मग नुसता ताकाचा पेला. मळमळायचं. नम्रताने विचारलं की उत्तर ठरलेलं: "पित्त हाय. जा तू तुझ्या बॅगा भर."

एका शुक्रवारी संध्याकाळी ते ट्यूबलाइटकडे बघत म्हणाले, "ही पिवळी ट्यूब कुणी लावली गं?"

ट्यूब पांढरीशुभ्र होती.  नम्रताने त्यांचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला चव्वेचाळीस.

कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांची एकही जागा रिकामी नव्हती. मग तिने गोळ्यांची पट्टी काढली. दहाची पट्टी सोमवारी फोडलेली. सोम, मंगळ, बुध, शुक्र. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या दोन.

"आण्णा, बाकीच्या कुठे गेल्या?"

"खाडे भरले," ते म्हणाले. "मंगळवारी-बुधवारी एक-एक जादा, काल गुरुवारी दोन."

रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, तारा लावल्या, गोळी बंद केली. डॉक्टर म्हणाले, "उत्तरेश्वरराव, हे औषध आहे, कारखाना नव्हे. इथे ओव्हरटाइम नसतो." मग नम्रताला बाजूला घेऊन नीट समजावलं. या गोळीत उपयोग आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. या वयात मूत्रपिंडं ती हळू बाहेर टाकतात, म्हणून जादा गोळी शरीरात साठत जाते. भूक मरते, पिवळं दिसतं, नाडी मंदावते. आणखी दोन-तीन दिवस असेच गेले असते, तर हृदय थांबूही शकलं असतं.

तिसऱ्या दिवशी ठोके साठच्या वर आले. सत्यशीलाबाई चहा आणायला खाली गेल्या तेव्हा उत्तरेश्वरांनी लेकीला जवळ बोलावलं.

"खाडे झालेच नव्हते गं," ते म्हणाले. "गोळी घेतो आणि रेघ मारायची राहते. मग रिकामी जागा दिसली की वाटतं, घेतलीच नाही. मला विसरायला होतंय, नमू. लई विसरायला होतंय."

नम्रताने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. 

"तुला कळलं असतं तर तू गेली नसतीस. म्हणून नाही बोललो. आता एक कर, तुझ्या आईला सांगू नको. तिच्या हातून गोळी घ्यायची म्हणजे... मी अजून तेवढा गेलेलो नाही."

"नाही सांगत," नम्रता म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून, तिने आईला सगळं सांगितलं. सत्यशीलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि घरी जाऊन गोळ्या आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या. तेव्हापासून एक गोळी, एक पेला पाणी, आणि गिळेपर्यंत समोर उभं राहणं.

उत्तरेश्वर लेकीशी बोलायचे थांबले. महिनाभर उशिराने ती निघाली, तेव्हा ते खाली रिक्षापर्यंत आले, बॅग उचलून ठेवली, पण शब्द काढला नाही. अमेरिकेतून फोन लावला की पहिले पाच महिने ते रिसीव्हर बायकोच्या हातात द्यायचे.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. नम्रताचं लग्न पाहिलं, नातीला सायकल शिकवली. त्या पाच महिन्यांचं तिला आजही वाईट वाटतं. पण तीच वेळ पुन्हा आली असती, तर वडिलांना दिलेला शब्द मोडायला तिने संध्याकाळचीही वाट बघितली नसती.