डबक्यांचा मुलूख

वोर्शाने मोजपट्टीचा लोलक विहिरीत सोडला. चार मीटर दहावर तो पाण्याला टेकला. तिने पट्टी वर ओढली आणि तिचं ओलं टोक नाकाशी नेलं. क्लोरीन.

विहीर कोरडी ठरली, तर घर राहण्यालायक नाही असा शेरा पडणार होता आणि तिच्या वडिलांना, किटोंना, शहरात चौथ्या मजल्यावर हलवणार होते. या तपासणीचा कागद दुसऱ्या कुणाला देऊ नका, मीच जाते, असं तिने शहरातल्या कचेरीत सांगितलं होतं.

"बघ," किटो म्हणाले. "म्हणे कोळशाच्या खाणीने पाणी ओढलं! लिही."

"दोन नोंदी लागतात, बाबा. अर्ध्या तासाच्या अंतराने."

"अर्ध्या तासात त्याची काय दारू होणार आहे?"

दोघं बाकावर बसले. वाळूत ओतलेलं पाणी किती वेगाने उतरतं, हे तिला पाठ होतं. किटोंच्या तळहातावर बादलीच्या कडीचा लाल वळ होता. कोपऱ्यावर खाणीने पाठवलेला पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा होता.

"आपल्या भाषेत वुझा म्हणजे डबकं," ते म्हणाले. "डबक्यांचा हा मुलूख, म्हणून वुझित्सा. तुझी आजी नावेतून चर्चला जायची. जर्मन मात्र लाउझित्स म्हणतात आणि हसतात. त्यांच्यात लाउस म्हणजे ऊ."

"आमच्या कचेरीतही म्हणतात. आली उवांच्या मुलखातली बाई."

"मग तू?"

"म्हणते, अजून चिरडायला जमलेलं दिसत नाही."

किटो खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी विहिरीकडे मान वळवली.

"डबक्यांच्या मुलखात विहीर आटते होय गं? नावच खोटं पडेल."

तिने पट्टी गुंडाळली. थोड्या वेळाने ते उठले.

"गाईला पाणी दाखवून येतो."

गाय तीन वर्षांपूर्वीच विकली होती. वोर्शा विहिरीकडे पाठ करून बसून राहिली. मागे पाणी पडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बऱ्याच वेळाने ते परतले. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, छातीचा भाता चाललेला.

"झाला की अर्धा तास."

तिने लोलक सोडला.

"चार मीटर दहा," पट्टीकडे न बघताच ती मोठ्याने म्हणाली. "तेवढंच आहे."

"मी काय म्हणत होतो! आता बटाटे खाऊनच जा. जवसाचं तेल ताजं आहे."

ते आत गेले. वोर्शाने कागद गुडघ्यावर घेतला, दोन्ही रकान्यांत 'कोरडी' असं लिहिलं, सही केली आणि आतून हाक येईपर्यंत शाईवर फुंकर घालत राहिली.