मऊ टायर

जयसिंगरावांनी नव्या टायरच्या कडेवर अंगठा दाबला. रबर किंचित आत गेलं. मग शेजारी काढून ठेवलेल्या जुन्या टायरवर दाबला, तर त्यांचाच अंगठा दुखला.

“काका, ए तो पथ्थर छे,” दुकानदार केयूर म्हणाला. “रन-फ्लॅट ना! हवा नीकळी जाय तोय गाडी चाले, एटले बाजू कडक. बेसनारा हेरान थाय.”

बसणारं माणूस किती हैराण होतं, हे जयसिंगरावांना कोणी सांगायला नको होतं. ही इवलीशी परदेशी गाडी त्यांची लेक ओवी कॅनडाला जाताना मागे ठेवून गेली होती. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी गाडीची तऱ्हा. दिसायला देखणी, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचवायची. आणि त्यांच्या बायकोच्या, वसुंधराबाईंच्या, मणक्यातच तर कॅन्सर उतरला होता. वाडी भागातल्या घरापासून वाघोडिया रोडवरच्या हॉस्पिटलात त्यांना रोज रेडिएशनच्या शेकासाठी न्यायचं. कंबरेतून निघालेली कळ पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची आणि दर गचक्याला त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघायचं.

जयसिंगरावांनी चौतीस वर्षं रेल्वेत रुळांची तपासणी केली होती. शेवटच्या डब्यात उभं राहायचं, गचके मोजायचे आणि जिथे बसला तिथे माणसं पाठवून रूळ नीट करून घ्यायचा. गचका मोजला की दुरुस्ती होते, ही त्यांची जन्माची श्रद्धा. म्हणून हॉस्पिटलच्या वाटेवर ते बायकोचे ‘आई गं’ मोजत बसायचे. त्यांना वाटायचं, तिला कळत नाही. परवा तिनेच विचारलं,

“आज किती, इन्स्पेक्टरसाहेब?”

“एकोणीस.”

“दोष रस्त्याचा, का माझा?”

 काल तर तिने हातच टेकले. “मी नाही येणार आता,” म्हणाली. “शेकाचं काही नाही हो, पण हा रस्ता मारतो मला.” शेक बंद झाला तर पुढे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी जयसिंगरावांना बाजूला घेऊन आणखी एक सांगून ठेवलं होतं. दुखणं राहणारच, काका, त्याला गोळ्या आहेत. पाय बधिर झाले, तर मात्र आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

जयसिंगरावांच्या हातात तरी काय होतं? रस्ता नाही, मणका नाही. टायर होते. “उद्या मऊ टायर घालून आणतो,” त्यांनी अक्षरशः हात जोडले होते, “एकदाच ये. नाही जमलं, तर पुन्हा म्हणणार नाही.”

“पण काका, स्टेपनी क्यां मूकशो?” केयूरने विचारलं. “आ गाडीमां जग्या ज नथी.”

हवा गेली की या मऊ टायरना जादा चाक लागणार; पण मागच्या डिकीत घडीची व्हीलचेअर होती. तिच्याखेरीज तिथे काडीही मावली नसती. शेवटी केयूरने पायाने मारायचा जुना लोखंडी पंप काढून दिला. जयसिंगरावांनी तो पुढे, बायकोच्या सीटसमोर, कडेला टेकवून उभा केला.

दुपारी त्यांनी वसुंधराबाईंना उचलून गाडीत बसवलं, पाय एकेक करून आत ठेवले आणि गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण होतं. तिथला गचका ठरलेला. त्यांनी श्वास रोखला. गाडी आपटली, आत काहीतरी खडखडलं, पण वसुंधराबाई गप्प होत्या.

पुढचा गतिरोधक गेला. खणून ठेवलेला रस्ता गेला. एक नाही, दोन नाही. जयसिंगरावांनी चोरून पाहिलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“अहो, सेवउसळवाल्याने दुकान उघडलं की!” त्या एकदम म्हणाल्या. “येताना सेवउसळ घेऊ या?”

महिनाभरात त्यांनी तोंडाने मागितलेला हा पहिला पदार्थ.  वाघोडिया रोडचे उरलेले खड्डे जयसिंगरावांनी अगदी बेफिकीरपणे पार केले.

हॉस्पिटलच्या दारात त्यांनी डिकीतून व्हीलचेअर काढली, उघडली आणि वसुंधराबाईंच्या बाजूचं दार उघडलं.

पंप आडवा झाला होता. त्याची लोखंडी बैठक त्यांच्या डाव्या पावलावर पडली होती. अंगठ्याचं नख अर्धं उचकटलं होतं आणि रक्त चपलेत उतरून कडेला वाळलंही होतं. गल्लीच्या तोंडाशीच पडला असणार तो.

 जयसिंगरावांनी वाकून पंप बाजूला केला. मग त्या अंगठ्यावर, जखमेवरच, आपला अंगठा टेकवला. आधी हलकेच. मग जोर देऊन दाबला.

वसुंधराबाई त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

“सांगा ना, आज किती, इन्स्पेक्टरसाहेब?”

चौतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

“एकही नाही,” ते म्हणाले.

“बघा! म्हणजे दोष टायरचाच होता.” वसुंधराबाईंनी व्हीलचेअरवर बसण्यासाठी दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले. “आता येत जाईन हो मी रोज.”